"लिथियम लिहू नका, पार्सल अडकतं!"

स्पर्धांचा सीझन आला की आपल्या होस्टेलवर एक सल्ला फुकट मिळतो. "बॉक्सवर बॅटरी लिहू नका, पार्सल अडकतं. स्पेअर पार्ट्स लिहा, सरळ विमानाने जातं." सीनियर ज्युनियरला सांगतो. एका कुरिअरवाल्याने तर काउंटरवर पेन हातात देऊन हेच सांगितलं. चालतंय की! ड्रोन वेळेत पोचला म्हणजे झालं.

मित्रांनो, माझा या सल्ल्याला सक्त विरोध आहे. बॅटरी धोकादायक आहे म्हणून नव्हे. पेट्रोलही धोकादायकच, आणि त्याच्या टाकीवर बसून आपण खुशाल महाडला जातो. पण त्या टाकीत काय आहे ते आपल्याला माहीत असतं. बॉक्सवर खोटं लिहिलं की विमानात माल चढवणारा आणि विमान चालवणारा, दोघेही आंधळे होतात.

३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान दुबईहून उडालं. वीस-पंचवीस मिनिटांत आगीची घंटा वाजली. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की समोरची मीटर दिसेनात. वैमानिक परत फिरले, पण दोघेही गेले. आत सुमारे ८१ हजार बॅटऱ्या होत्या. त्यातला काही माल नियमानुसार 'धोकादायक' म्हणून जाहीर करायला हवा होता, तो केलाच नव्हता, असं चौकशीत निघालं. त्याआधी १९९६ मध्ये अमेरिकेत व्हॅल्यूजेटच्या विमानात ऑक्सिजन जनरेटर चढवले होते, कागदावर 'रिकामे' असं लिहून. ते रिकामे नव्हते. ११० माणसं गेली.

लिथियम सेलची गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी की एक सेल बिघडून तापला की तो शेजारच्याला तापवतो. विमानाच्या पोटात सोडला जाणारा हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत पेटलेलं रसायन थांबवू शकत नाही. म्हणून तर १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आहे. मालवाहू विमानातही चार्ज ३० टक्क्यांच्या आतच लागतो.

"हे सगळे परदेशी नियमांचे चोचले," असं मेसमध्ये ऐकू येतं. मी पाचाडचा आहे, रायगडाच्या पायथ्याचा, तेव्हा एक आठवण करून देतो. याच गडावर शिवरायांच्या अष्टप्रधानांत बसलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्र लिहिलं. त्यात दारूखान्याचे नियम वाचा. दारूखाना घराजवळ नको, घराच्या वाऱ्याखाली नको. दारूला सर्दी लागू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यायचं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवायची. रात्रंदिवस पहारा, परवानगीशिवाय जवळपास माणूस नको. आजच्या नियमांत तरी वेगळं काय आहे? माल वेगळा ठेवा, नीट बांधा, वर खूण करा, जबाबदार माणूस नेमा. तीनशे वर्षं झाली!

आता स्वतः विमानाने जाणाऱ्यांसाठी. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर, एवढं तर फर्स्ट इयरलाही येतं. १०० पर्यंत सहसा चालतं, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यापुढे सामानात नेताच येत नाही. २० हजार एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवर, म्हणजे बसते. पण आपल्या मोठ्या ड्रोनचा २२.२ व्होल्ट, १० अँपिअर-अवरचा पॅक २२२ होतो. संपला विषय. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून. केबिनमध्ये धूर निघाला तर निदान कोणाला तरी दिसतो, पाणी तरी ओतता येतं.

स्टाफला एक विनंती. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, म्हणजे विमानं आता आपल्याच रायगड जिल्ह्यातून उडतात आणि टीमही विमानानेच जाणार. मोठे पॅक रीतसर पाठवायचे तर प्रशिक्षित एजंट आणि योग्य पॅकिंग लागतं, त्याला पैसे पडतात. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये मोटर असते, प्रोपेलर असतो, टी-शर्टसुद्धा असतो. हा खर्च मात्र कुठेच नसतो, आणि मग पोरं शेवटच्या रात्री 'स्पेअर पार्ट्स' लिहितात. पुढच्या स्पर्धेचा अर्ज सही होण्याआधी त्यात ही एक ओळ घाला. आणि तेवढे पैसे नसतील तर आयोजकांना महिनाभर आधी फोन करून पॅक तिकडेच भाड्याने मिळतो का, ते विचारा.