कळलावीचा कंद तेवढा राहू द्या

कळलावी हे नाव मला कधीच आवडले नाही. प्रसूतीच्या कळा आणते म्हणून कळलावी, अशी मुळात समजूत. पुढे लोकांनी 'कळ लावणारी' असा अर्थ घेतला आणि हे झाड अंगणात लावले की घरात भांडणे होतात म्हणू लागले. आम्ही गोवेकर मात्र तिला चवथीच्या माटोळीत थेट गणपतीच्या डोक्यावर बांधतो! आपल्या लोकांची ही रसिकता मला फार मोलाची वाटते.

फूल आहेच तसे. खाली मान घातलेले, पण पाकळ्या उलट वर उसळलेल्या. आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. म्हणून अग्निशिखा. पानाच्या टोकाचाच ताणा होतो आणि त्याच्या आधाराने ती कुंपणावर चढते. जमिनीत नांगराच्या आकाराचा कंद, म्हणून संस्कृतात लांगली. तमिळनाडूने तिला राज्यफुलाचा मान दिला आहे. तिथे बियांसाठी तिची शेतीही होते, कारण बियांतले कोल्चिसीन गाऊटवरच्या औषधाला लागते. तेच कोल्चिसीन विषही आहे. कंद तर जीवघेणा. रताळे समजून खाल्ल्याने श्रीलंकेत माणसे दगावली आहेत.

आता माझी तक्रार. हल्ली माटोळीच्या बाजारात ही वेल कंदासकट उपटून आणलेली दिसते. माटोळीच्या स्पर्धांनी रानातल्या कितीतरी वनस्पतींची नावे नव्या पिढीच्या तोंडी आणली, हे मान्यच. पण विविधतेच्या हौसेपायी रान ओरबाडायचे, ही कसली निसर्गपूजा?

कळलावीचा जुना कंद दरवर्षी झिजून संपतो. पावसाळाभर पाने जे अन्न तयार करतात त्यावर नवा कंद भरतो, आणि पुढच्या मिरगाला कोंब फुटतो तो त्यातून. चवथ येते ती नेमकी ही भरणी चालू असताना. तेव्हा उपटलेली वेल कायमची गेली. बी धरायलाही तिला वेळ मिळालेला नसतो.

शेंडा हातभर कापला तरी माटोळी सजते. खालची पाने राहिली तर कंद भरतो. विकणाऱ्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक मागते ते त्या आणतात. म्हणून मुळासकट आलेली जुडी आपणच घेऊ नये. स्पर्धेच्या परीक्षकांनीही कंद लोंबकळताना दिसला तर सरळ गुण कापावेत. आणि हो, बांधून झाल्यावर हात धुवा. पोरांना त्या फुलांशी खेळू देऊ नका.