पाना कुणाच्या हाती?

हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात शिरा, शाळेजवळ, मारुतीच्या पाराशेजारी किंवा वस्तीच्या तोंडाशी एक हापसा दिसतोच. कुठे तो चालू असतो, कुठे त्याचा दांडा गायब असतो, तर कुठे नळयोजना आल्यापासून त्याला म्हैस बांधलेली असते. यंत्र म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. पण जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांत हा नमुना अगदी वरच्या रांगेत बसतो आणि त्याची जन्मकथा सुरू होते ती आपल्या जालन्यात.

गोष्ट १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या दुष्काळानंतर १९६७च्या सुमारास युनिसेफने कठीण खडक फोडणारी बोअरची यंत्रे भारतात आणली. दख्खनच्या काळ्या पाषाणात बोअर घेणे आता शक्य झाले. अडचण आली ती बोअरवर बसवायच्या पंपाची. बाजारातले पंप ओतीव लोखंडाचे होते आणि परदेशातल्या एखाद्या शेतघराची गरज डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले होते. तिकडे एका कुटुंबाने दिवसातून चार वेळा हलवायचा दांडा इकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव हलवू लागले. सांधे झिजले, दांडे मोडले. १९७०च्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत पाहणी झाली, तेव्हा चारांतले जवळपास तीन पंप बंद होते. पाणी जमिनीत होते, बोअरही होता, फक्त वर येण्याची वाट मोडली होती.

जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनमध्ये बोअरचे काम करणाऱ्यांनी या रोगाचे मूळ बरोबर हेरले. पंप मोडतो तो सांध्यांत, म्हणून सांधेच कमी करायचे. अनेक खिळ्यांवर डुगडुगणाऱ्या दांड्याऐवजी एकाच आसावर फिरणारा, पोलादी पट्ट्यांना जोड देऊन केलेला पंप त्यांनी उभा केला. पुढे सोलापूर वेल सर्व्हिसच्या कारखान्यात त्याला आणखी वळण मिळाले. दांड्याच्या टोकाशी कमानीसारखा भाग आणि त्यावर साखळी आली. बोअरमध्ये उतरलेल्या सळ्यांचे वजनच साखळी ताणून धरते, त्यामुळे सळई कायम सरळ वरखाली होते, तिरकी घासत नाही. आसाला बॉल बेअरिंग बसले. दांडा भरीव आणि जड ठेवला, कारण त्याचे वजन पलीकडच्या सळ्यांच्या वजनाला तोलते आणि आठ-दहा वर्षांच्या मुलीलाही तो हलवता येतो. दांडा पोकळ केला असता तर लोखंड वाचले असते, पण मुलीचे हात दुखले असते. हा हिशेब ज्याने केला त्याने घागर भरणाऱ्या बाईकडे नीट पाहिलेले असणार.

सोलापूरच्या या पंपावरून युनिसेफ, सरकारी संस्था आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास हा कारखाना यांनी मिळून सुधारित नमुना घडवला. अटी साध्या होत्या. वर्षभर बिघाड होऊ नये, किंमत दोनशे डॉलरच्या आत राहावी, लहान वर्कशॉपलाही तो बनवता यावा. कोइमतूरच्या भागात बोअरवर बसवून त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. त्याचे पेटंट कुणी घेतले नाही. भारतीय मानक ठरले, आराखडे खुले राहिले. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप बनले होते आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत ते पोहोचले होते.

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण आहे. साध्या तंत्राचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच ‘जुगाड’चे कौतुक सुरू होते. मोटारसायकलवर चालणारे कोळपे, पंख्यापासून केलेला वाऱ्याचा खटका असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि देशी बुद्धीचा जयजयकार होतो. तो आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण जुगाड ही एका माणसाची एका दिवसाची सुटका असते. हापशामागे आराखडे, चाचण्या, मोडलेल्या सुट्या भागांच्या नोंदी आणि दहा-बारा वर्षांचा धीर आहे.

आणि तरीही मार्क टू पुरता शहाणा नव्हता. आतले वायसर झिजले की दीडशे फूट पाइप बाहेर काढावा लागे. त्यासाठी तिवई, चार-पाच माणसे आणि पंचायत समितीची गाडी यावी लागे. गाडी यायची तेव्हा यायची. त्यावर ‘मार्क थ्री’चा उपाय आला. त्यात पाइप जास्त व्यासाचा असतो आणि आतला दट्ट्या सळ्यांसकट पाइप न हलवता वर ओढता येतो, म्हणजे गावातली दोन माणसे गावातल्या पान्यांनी दुरुस्ती करू शकतात. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमाच्या कामातून दलित आणि गरीब घरांतल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायका हातपंप मेकॅनिक झाल्या. पाना हाती आल्यावर त्यांना वाचायला शिकावेसे वाटले, आणि पुढे त्याच मुलखात बायकांनी चालवलेले वार्तापत्र निघाले.

याउलट, जगाने डोक्यावर घेतलेला दक्षिण आफ्रिकेतला ‘प्लेपंप’ पाहावा. लहान मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचे, त्या फिरण्याने पाणी टाकीत चढायचे. कल्पना ऐकताच टाळी वाजावी अशी. २००६मध्ये अमेरिकेत त्यासाठी कोट्यवधी डॉलर जमले आणि चार हजार पंप बसवण्याची घोषणा झाली. पुढे एका ब्रिटिश वर्तमानपत्राने हिशेब मांडला, तेव्हा ठरवलेले पाणी काढायला मुलांना दिवसाचे सत्तावीस तास खेळावे लागले असते. काही गावांत तर चालू हापसे काढून हे चक्र बसवले गेले. मुले शाळेत गेली की म्हाताऱ्या बायका ते हाताने ढकलत. बिघडले की दुरुस्ती बाहेरून यायची, महिनोन् महिने. कल्पना गोड होती, पण तिच्या आराखड्यात घागर घेऊन उभी असलेली बाई कुठे नव्हती.

आपल्या मातीतलेही असे एक उदाहरण आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत विकसित केली. त्यासाठी बैलांनी ओढायचे, चाकांवरचे बहुउद्देशीय औजारही पुढे केले. प्रयोगक्षेत्रावर ते देखणे चालले, पण महाग, जड आणि एका जोडीच्या शेतकऱ्याला न परवडणारे. पॉल स्टार्की यांनी १९८८मध्ये अशा औजारांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच निकाल आहे: परिपूर्ण, तरीही नाकारलेली. मात्र शेतकऱ्यांनी औजार नाकारले तरी वरंब्यामागचा विचार मेला नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ट्रॅक्टरला जोडायचे बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्र आणले आणि आज सेनगाव-कळमनुरीकडे सोयाबीनवाल्या कुणालाही त्याचा उपयोग सांगावा लागत नाही. पाऊस कोसळला तर सरीतून पाणी निघून जाते, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, बियाणेही कमी लागते. भाड्याने मिळणाऱ्या ट्रॅक्टरमागे ते जोडता आले, हे त्याच्या यशातले मोठे कारण. संस्थेने सुचवलेला बैल शेतकऱ्याने बदलला, एवढेच.

वसमतच्या हळदीचेही तसेच. कढईत हळद शिजवताना वरची कच्ची, खालची गळालेली आणि सरपणाचा ढीग संपलेला, हे ज्यांनी पाहिले त्यांना वाफेच्या कुकरचे मोल समजते. बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडली की कमी पाण्यात, कमी जळणात हळकुंडे सारखी शिजतात. वाळवण मात्र अजून उन्हाच्या मर्जीवर आहे. अंबाजोगाईचे वैभव तिडके आणि त्यांच्या सोबत्यांच्या ‘एस४एस टेक्नॉलॉजीज’ला विजेविना चालणाऱ्या सौर वाळवणी यंत्रासाठी आणि त्याभोवती उभ्या केलेल्या महिलांच्या व्यवसायासाठी २०२३चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. त्यांचे काम मुख्यतः वाया जाणाऱ्या भाजीपाल्याचे आहे. हळदीच्या राशीला ते जसेच्या तसे लागू होईल असे नाही, पण विचार करायला जागा आहे.

हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि प्रोटॉनच्याही हजारपट लहान थरथर मोजणारी उपकरणे. २०२३मध्ये तिला २६०० कोटींची मंजुरी मिळाली. साध्या आणि अवघड तंत्रांत भांडण लावायची हौस असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या प्रकल्पातली पुण्याची आयुका हीच संस्था, जिच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी अकरा वर्षे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून मुलांना भूमिती शिकवली.

राहता राहिले पाणी. कोणताही हापसा पाणी निर्माण करीत नाही. शेकडो फुटांच्या बोअरमध्ये विजेचे पंप उतरल्यावर दीडशे फुटांवरचा हापसा कोरडा पडला, यात त्याच्या रचनेचा दोष नाही. वर काढलेले पाणी परत खाली जाते का, हा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर शेजारच्या नांदेड जिल्ह्याने दिले. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीत प्रल्हाद पाटील यांच्या पुढाकाराने घरोघर शोषखड्डे झाले. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा, मध्ये वरच्या बाजूला छिद्रे असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. मोरीचे पाणी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो, निवळलेले पाणी छिद्रांतून दगडांत उतरते आणि मुरते. गल्लीतली उघडी गटारे गेली, त्याबरोबर डासही. जिल्हा परिषदेने ते रोजगार हमीतून गावोगाव नेले आणि त्याचे नाव ‘नांदेड पॅटर्न’ पडले.

यंदाच्या अंकाचा विषय यातूनच ठरला. पुढच्या पानांतल्या लेखांनी यंत्राची स्तुती कमी आणि ते चालवणाऱ्या, मोडणाऱ्या, जोडणाऱ्या माणसांची चौकशी जास्त करावी, एवढाच संपादकांचा आग्रह होता. काही लेखकांनी तो मोडला आहे. त्यांचे लेख वाचनीय असल्याने तक्रार नाही.

पुन्हा शोषखड्ड्याकडे वळू. २०१९पासूनच्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात पोहोचवण्याचे आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर येणार आणि त्यातले बरेचसे मोरीतून बाहेर पडणार. म्हणजे जिथे नळ तिथे शोषखड्डा हवाच. पण खड्ड्यातली टाकी गाळाने भरते. ती वेळेवर उपसली नाही तर दगड बुजतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत पाणी पुन्हा गल्लीत येते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. खड्डे खणल्याच्या नोंदी बहुतेक दप्तरांत सापडतील. गाळ उपसण्यासाठी कुणाला नेमले, त्याला काय मजुरी ठरली, याची नोंद आपल्या गावच्या दप्तरात आहे का, हे येत्या ग्रामसभेत विचारता येईल.