फुफीजाननी गोळी का बंद केली?

गेल्या महिन्यात आमच्या फुफीजाननी गोळी बंद केली, कुणाला न विचारता. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन तीन वर्षे झालीत. आधी टॅमॉक्सिफेन चालू होते, मग डॉक्टरांनी ते बदलून लेट्रोझोल दिले. सहा महिन्यांनी रक्त तपासले तर कोलेस्टेरॉल वाढलेले. "हीच गोळी काळजाला लागते," असे शेजारच्या खालांनी सांगितले आणि पाकीट कपाटात गेले. "बेटा, अल्लाहची मर्जी," हे वर.

आम्ही दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावले ते असे. फुफीजानचा कॅन्सर इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारा. टॅमॉक्सिफेन स्तनात त्या हार्मोनची वाट अडवते, पण यकृतात मात्र स्वतःच हार्मोनसारखे वागते. त्यामुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरते. (काहींचे ट्रायग्लिसराइड्स मात्र चढतात.) लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या पाळी गेल्यानंतर शरीरात बनणारे इस्ट्रोजेनच थांबवतात. कोलेस्टेरॉल उतरवण्याचा गुण त्यांच्यात नाही. गोळी बदलली की आकडा वर येतो तो बराचसा यामुळे.

सुमारे ८,००० स्त्रियांवरच्या 'बिग १-९८' या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी ४३.६ टक्के आणि टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपैकी १९.२ टक्के स्त्रियांत कोलेस्टेरॉल वाढल्याची नोंद झाली, बहुतेक वाढ सौम्य. आकडे घाबरवणारे खरे. पण 'एमए.१७' या दुसऱ्या अभ्यासात लेट्रोझोलची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली, तेव्हा दोन्हीकडचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. म्हणजे पहिल्या अभ्यासातला फरक मुख्यतः टॅमॉक्सिफेनच्या उपकाराचा!

गोळी बदलताना हे दोन मिनिटांत सांगता आले असते. कुणी सांगितले नाही, याचा राग आम्हाला अजून आहे.

कोलेस्टेरॉलवर वेगळा इलाज आहे. फुफीजानना स्टॅटिनची गोळी सुरू झाली. ती लेट्रोझोलबरोबर चालते. कॅन्सरची गोळी मनाने सोडली तर आजार परतण्याचा धोका वाढतो, हे ऐकून त्या गप्प झाल्या. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांचीही तपासणी सांगितली आहे.

"रमजानमध्ये कसं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लेट्रोझोल दिवसातून एकदाच घ्यायची असते, सहरीला किंवा इफ्तारनंतर चालेल, असे डॉक्टर म्हणाले. इफ्तारच्या तळलेल्या समोशांवरून मात्र आमचे भांडण अजून मिटलेले नाही.