पंप गप्प आहे म्हणून

इन्सुलिन पंपावर असलेल्या मुलाची साखर तीनशेपुढे गेली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘काय खाल्लंस?’ माझं म्हणणं असं की आधी संशय पंपावर घ्यावा. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. रोज टोचून घेणाऱ्याच्या अंगात दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, तसा इथे नसतो. त्वचेखालची कॅन्युला दुमडली, नळीत हवा शिरली किंवा जोडाशी गळती झाली, तर काही तासांत साखर चढते आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचू लागतात. अलार्म वाजला नाही, म्हणजे पंप ठीक, हा समज तर घातकच. अडथळ्याचा अलार्म दाब वाढल्यावर वाजतो. तासाला अर्धा युनिट, म्हणजे मिलिलिटरचा दोनशेवा भाग इन्सुलिन जात असताना तेवढा दाब साचायला कित्येक तास लागू शकतात. गळतीत तर दाब वाढतच नाही. कॅन्युलेवरच्या चिकटपट्टीला आणि जोडाला हात लावून ओल लागते का, हेच पाहावं लागतं.

खाण्याने आणि तापानेही साखर वाढते, हे खरंच. पण पंपातून दिलेल्या जादा डोसाने ती दोन तासांत उतरू लागली नाही, तर पुढचा डोस पंपातून देऊ नये. कीटोन तपासावेत, डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेनने टोचावा आणि सेट, म्हणजे कॅन्युला आणि नळी, बदलावा. कीटोन आधीच वाढलेले असतील तर दोन तास थांबूही नये. उलट्या सुरू झाल्या तर थेट रुग्णालय. यावर पालक म्हणतात, इतका महाग सेट नुसत्या संशयावरून फेकायचा? खर्चाचं हे दुखणं खरं आहे. तरीही कीटोनमुळे अतिदक्षता विभागात काढावे लागणारे दिवस त्याहून कितीतरी महाग पडतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या लोणीसारख्या कोरडवाहू गावात दोन गोष्टी जास्त जपाव्या लागतात. एक, ऊन. तिशीपुढच्या तापमानात इन्सुलिनचा जोर कमी होऊ लागतो, दिसायला ते स्वच्छ असलं तरी. म्हणून सेट बदलताना इन्सुलिनही नवं भरावं. दुसरी, सिरिंज. आपल्याकडे लाल टोपीची ४० ची, म्हणजे मिलिलिटरला ४० युनिटं धरणारी, सिरिंज सर्रास मिळते, पंपातलं इन्सुलिन मात्र १०० चं. त्या सिरिंजमध्ये हे इन्सुलिन १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात २५ युनिटं जातात. पेन, नाहीतर केशरी टोपीची १०० ची सिरिंज, आजच आणून ठेवावी. रात्री दोन वाजता मेडिकल उघडं नसतं, आणि मंचरचं उपजिल्हा रुग्णालय काही शेजारी नाही.