धुण्याआधी वाळवण्याचं बघा

साप्ताहिक स्तंभ : अवजारांची पेटी

खंडेनवमी जवळ आली की या स्तंभाकडे बंदुकांचे प्रश्न येऊ लागतात. एरवी पाण्याचे पंप, पाने-पक्कड आणि गवत कापायच्या यंत्रांबद्दल विचारणारी माणसं एकदम नळी, घोडा आणि चाप या विषयांवर येतात. यंदा चौकशी आहे ती अल्ट्रासॉनिक क्लीनरची. चष्म्याच्या दुकानात किंवा सोनाराकडे दिसते ती स्टीलची छोटी टाकी बंदुकीचे भाग धुवायला चालेल का, आणि चालत असेल तर कुठली घ्यावी?

चालते. पण मावळात राहणाऱ्यानं हा प्रश्न उलट्या टोकानं धरावा असं माझं मत आहे. टाकीतून निघालेला भाग कसा वाळवणार, कुठल्या तेलात बुडवणार आणि कुठे ठेवणार, हे आधी ठरवा. ते ठरत नसेल तर यंत्रावर पैसे घालवू नका.

कारण सरळ आहे. ही टाकी काजळी आणि मळ काढते, तसंच लोखंडावरचं तेलही शेवटच्या थरापर्यंत काढते. त्यातून निघालेला पोलादी भाग अगदी उघडा असतो. तळेगावात पाऊस बेताचा. लोकलनं वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली करत लोणावळ्याला उतरलात की वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे कोसळणाऱ्या पावसाच्या राज्यात आलात. तिथं ऑगस्टमध्ये भिंतीला बुरशी येते आणि मीठ भांड्यातच पाझरतं. तसल्या हवेत उघडं पोलाद टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असू शकते. मग दोष यंत्राला दिला जातो.

यंत्राचं काम कसं चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. टाकीच्या तळाला खालून पिझोइलेक्ट्रिक चकत्या चिकटवलेल्या असतात. त्या सेकंदाला साधारण चाळीस हजार वेळा थरथरतात. त्यानं पाण्यात सूक्ष्म पोकळ बुडबुडे तयार होतात आणि लगेच कोसळतात. कोसळताना पृष्ठभागावर बारीक पण जोरदार फटका बसतो. ब्रश पोहोचत नाही अशा भोकांत, खाचांत, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत हा फटका पोहोचतो. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर १९४५ पासून नौदलाचे अभियंते आणि तंत्रज्ञ घडतात. त्यांना हाच प्रकार शत्रू म्हणून शिकावा लागतो, कारण जहाजाच्या पंख्याची पाती अशाच बुडबुड्यांनी खड्डे पडून खराब होतात. बुडबुडा कोसळताना किती दाब निर्माण होतो याचं गणित लॉर्ड रॅलेनं १९१७ मध्ये मांडलं. समुद्रात नुकसान करणारी गोष्ट टाकीत मोजून-मापून वापरायची, एवढंच हे तंत्र. त्यामुळे वेळही मोजूनच द्यायचा. पाच-सात मिनिटं लावा, बघा, गरज वाटली तर पुन्हा लावा. तासभर चालू ठेवून विसरू नका.

आता खरेदी. चष्मे धुवायची प्लॅस्टिकची डबी यासाठी निरुपयोगी आहे. स्वस्तातल्या काही डब्यांत तर पिझो चकतीच नसते, नुसती मोटर थरथरते. दोन-तीन लिटरची स्टीलची टाकी, चाळीस किलोहर्ट्झ, हीटर, खाली पाणी सोडायला तोटी आणि आत जाळीची टोपली, एवढं पुरे. वॅटचा आकडा वाचताना सावध राहा. विक्रेते हीटरचे आणि ध्वनिलहरींचे वॅट एकत्र करून मोठा आकडा छापतात. तीन लिटरला नुसत्या ध्वनिलहरींचे शंभर-सव्वाशे वॅट हवेत. दुकानातच परीक्षा घ्या. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात उभा धरून अर्धा-एक मिनिट यंत्र चालवा. फॉइलवर सगळीकडे बारीक खड्डे आणि छिद्रं पडली पाहिजेत. एकाच कोपऱ्यात पडली तर ती टाकी दुकानदाराकडेच राहू द्या.

मोठी टाकी घेण्याचा मोह होतो, कारण नळी आत मावत नाही. बारा बोअरची नळी अठ्ठावीस-तीस इंचांची. ती मावेल अशी टाकी मावळात एकदाच वापरली गेली आहे : ११ जानेवारी १७७९ च्या रात्री कंपनी सरकारच्या फौजेनं माघार घेताना आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून दिल्या होत्या. आपल्याला तेवढी गरज नाही. नळी गजानं, ब्रशनं आणि चिंधीनंच साफ करायची, आणि ती तशीच चांगली साफ होते. टाकी आहे ती बोल्ट, खटक्याचे सुटे भाग, स्प्रिंगा, स्क्रू यांच्यासाठी.

आणि म्हणूनच, घरात एक जुनी दुनाळी असलेल्या शेतकऱ्याला मी हे यंत्र सुचवणार नाही. वर्षाकाठी मोजकी काडतुसं उडवणाऱ्या बंदुकीत टाकीला करण्यासारखं काम नसतं. ठासणीची बंदूक असेल तर मुळीच नको. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा शोषते आणि नळी खाते, पण तिच्यातला बराचसा भाग पाण्यात विरघळतो. म्हणून जुनी माणसं कढत पाणी आणि साबण वापरत. त्याहून चांगला उपाय अजून मला माहीत नाही. टाकी शोभते ती नेमबाजीच्या क्लबात आणि परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात, जिथं रोज काजळलेले बोल्ट येतात.

बालेवाडीत सराव करणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, आणि तेव्हापासून मावळातलीही पोरं पॉइंट टू-टूच्या रायफलीबद्दल विचारू लागली आहेत. त्यांच्यासाठी दोन सूचना. टू-टूच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं; ते आणि न जळलेली दारू मिळून बोल्टच्या तोंडावर चिकट थर बसतो, तो टाकीत झकास निघतो. पण स्पर्धेच्या रायफलीचा ट्रिगर टाकीत घालायचा नाही. त्याचं नाजूक समायोजन आणि आतलं वंगण दोन्ही जातं. एअर रायफलीचा तर एकही भाग घालू नका. तिचा सिलिंडर दोनशे बार दाबाचा असतो आणि आत रबरी सील असतात. लाकडी दस्ता, दुर्बीण, रंगवलेल्या खुणा यांनाही टाकी नको.

टाकीत काय ओतायचं? आपल्याकडे कुठलंही यंत्र उघडलं की हात पेट्रोलच्या बाटलीकडे जातो. इथं ती सवय जीवघेणी आहे. तापणाऱ्या, थरथरणाऱ्या टाकीत पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल म्हणजे वाफ आणि ठिणगी यांची गाठ घालून देणं. पाणी आणि सौम्य, उदासीन डिटर्जंट पुरतं. बोअरवेलचं जड पाणी भागांवर पांढरे डाग ठेवतं, तेव्हा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. पन्नास-साठ अंशांवर तापवा, पाण्यात विरलेली हवा जावी म्हणून काही मिनिटं भाग न घालता नुसत्या पाण्यावर चालवा, मग भाग टोपलीत ठेवून सोडा. भाग तळाला टेकू देऊ नका, नाहीतर तळ खरवडून पातळ होतो. तीव्र अल्कलीचं द्रावण अॅल्युमिनियमला खातं, तीव्र आम्ल पोलादावर चढवलेलं निळसर-काळं पाणी उतरवतं. गंज या टाकीत निघत नाही. निघालेला दिसला तर तो आधीच सुटलेला होता.

जिवंत काडतूस कधीही आत घालायचं नाही. हिरवट डाग पडलेली काडतुसं चकाचक करता येतील का, असं मला विचारलं जातं, म्हणून हे वेगळं लिहितो. खडकीच्या कारखान्याची असोत की बाहेरची, फुगलेली आणि डागाळलेली काडतुसं धुवायची नसतात, वापरायचीही नसतात.

बाहेर काढल्यावर लगेच कढत पाण्यानं खळखळून धुवा. गरम भाग स्वतःच्या उष्णतेनं वाळतो, उरलेलं हेअर ड्रायरनं. ऊब असतानाच पाणी हटवणाऱ्या तेलात बुडवा, निथळू द्या, मग बंदुकीचं तेल. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल चार दिवसांपुरतं ठीक. कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंदूक महिनोन् महिने ठेवणं हा लोणावळ्यातला सर्वात मोठा अपराध आहे, कारण म्यान ओलावा धरून बसतं. कुलपाच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून तापवून कोरड्या करा. निवडणुकीत जमा केलेली बंदूक परत मिळाल्यावरही पहिलं काम वाळवणं आणि तेल लावणं हेच, मग पूजा.

शेजाऱ्याची बंदूक आपल्या टाकीत धुवून देण्याचा उदारपणा करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दुरुस्तीला परवाना लागतो, आणि दुसऱ्याचं शस्त्र दुरुस्तीसाठी न्यायचं झालं तरी परवानाधारक सोबत हवा किंवा त्याची लेखी परवानगी हवी. स्वतःची बंदूकही नेहमीच्या सफाईसाठी जेवढी सुटते तेवढीच सोडवा. खटका पूर्ण उलगडायचा तर कारागिराकडे जा.

राहिलं ते टाकीतलं काळं पाणी. काडतुसाच्या टोपीतलं आणि गोळीचं शिसं त्यात उतरलेलं असतं. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. आणि ते मोरीत ओतू नका. लोणावळ्याची मोरी इंद्रायणीला मिळते आणि पुढे देहू आहे, आळंदी आहे. झाकणाच्या डब्यात साठवा, गाळ खाली बसू द्या आणि तळेगावातल्या एखाद्या कारखान्याच्या घातक कचऱ्याबरोबर तो जाऊ शकतो का, ते ओळखीनं विचारा. क्लबांनी यासाठी एकच सामाईक डबा ठेवला तर प्रत्येकाला वेगळं विचारत फिरावं लागणार नाही.