केंद्र हवे, पण आमच्या गल्लीत नको!

व्यसनमुक्ती केंद्र असावे याविषयी नांदेड-लातूरच्या सुशिक्षित समाजात दुमत नाही. दुमत सुरू होते ते जागेचा प्रश्न निघाला म्हणजे. घरात मुलीबाळी आहेत, लातुरात तर शिकवणीसाठी आलेली परगावची हजारो मुले आहेत. तेव्हा केंद्र गावाबाहेर न्यावे, असे सांगण्यात येते. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती भलतीकडे वळली आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे. केंद्रात येणारा मनुष्य दारू सोडावयास आलेला असतो. न सोडणारा आजही त्याच गल्लीत राहतो, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही! २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. उरलेले ३७ कोठे आहेत? आपल्याच घरांत व कचेऱ्यांत.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ काढले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचे त्यास पाठबळ होते. तेथील निवासी उपचार सुमारे ३५ दिवसांचे. परंतु खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर लागते. त्या पहिल्या महिन्यांत समुपदेशक आणि व्यसन सोडलेले सोबती हाकेच्या अंतरावर हवेत. पुणे लातूरपासून तीनशे, नांदेडपासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. मजुरी बुडवून वारंवार पतीला तेथे नेणे कोणत्या स्त्रीला परवडेल? केंद्र वस्तीजवळ असणे ही केवळ सोय नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

केंद्राच्या नावाखाली माणसे कोंडून मारहाण झाल्याची उदाहरणे देशात घडली आहेत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. परंतु त्यावर उपाय हकालपट्टी हा नसून देखरेख हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारही आपल्या कक्षेत घेतले असून असे उपचार देणाऱ्या निवासी संस्थांना नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणी आहे काय, डॉक्टर येतात काय, नातलगांना भेटू देतात काय, हे प्रश्न शेजाऱ्यांनी हक्काने विचारावेत. गावाबाहेर, नजरेआड ढकललेल्या केंद्रात ते कोण विचारणार?

दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, महानगरपालिका आहेत. त्यांनी जागा ठरविण्यापूर्वीच रहिवाशांना बोलवावे, देखरेखीच्या समितीत त्यांना स्थान द्यावे. आणि रहिवाशांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी : आज ज्या दाराला आपण विरोध करू, ते उद्या आपल्याच घरच्या कोणासाठी ठोठवावे लागणार नाही, याची हमी कोणालाच देता येत नाही.