झिजलेल्या अक्षरांची साक्ष

रहस्यकथेचे मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला एखादा तक्ता यांवर जुन्या टंकलेखन यंत्राने उमटवल्यासारखी अक्षरे तुम्ही पाहिली असतील. कुठे शाई फुटलेली, कुठे कडा तुटलेल्या, एखादे अक्षर ओळीतून खाली घसरलेले. ती यंत्रावर उमटलेली नसतात. तो संगणकावरचा तयार फॉन्ट असतो आणि त्याची झीज मुद्दाम घडवलेली असते. या फॉन्टविषयी माझे एक मत आहे. पटते का पाहा.

आधी मूळ यंत्र समजून घेऊ. कळ दाबली की एक दांडी उसळते, तिच्या टोकावरचा धातूचा ठसा शाईच्या रिबनवर आपटतो आणि कागदावर अक्षर उमटते. त्याबरोबर कॅरेज एक घर सरकते. कॅरेज ओढणारी स्प्रिंग सतत ताणलेली असते. तिला एका वेळी एकच दाता पुढे जाऊ देणारी यंत्रणा घड्याळातल्या यंत्रणेच्या जातीचीच. घर सर्वांना सारखेच. इंचाला १० अक्षरे बसवणाऱ्या इंग्रजी यंत्रावर प्रत्येकाच्या वाट्याला २.५४ मिलिमीटर येतात. मग रोड 'आय'ला खालीवर रुंद आडव्या रेघा देऊन घर भरावे लागते आणि तीन पायांच्या 'एम'ला अंग चोरून बसावे लागते. हॉवर्ड केटलर यांनी १९५५ च्या सुमारास आयबीएमसाठी आखलेला 'कुरियर' हा टंक याच बंधनातून घडला. (आपल्या देवनागरी यंत्रावर तर काही मात्रांच्या कळा दाबल्यावर कॅरेजने हलायचेच नाही, अशी निराळी सोय करावी लागली!)

आता झिजेकडे वळू. प्रयोगशाळेत आपण त्रुटींचे दोन प्रकार शिकतो: दर वेळी त्याच दिशेने होणारी पद्धतशीर त्रुटी आणि कधी इकडे तर कधी तिकडे जाणारी यादृच्छिक त्रुटी. टंकलिखित कागदावर या दोन्ही एकत्र नांदतात. ठशाचा कोपरा उडाला असेल, तर ते अक्षर प्रत्येक ठिकाणी तसेच तुटके येणार. पण रिबनचा ओलेपणा, बोटाचा जोर, कागदाचा पोत हे प्रत्येक ठोक्याला बदलतात. इंग्रजी यंत्रावर 'ए' डाव्या करंगळीने दाबायचा, म्हणून तो पुष्कळदा फिकट उमटतो. कॉनन डॉयल यांनी १८९१ मध्येच एका कथेत शेरलॉक होम्सला टंकलिखित पत्रांतल्या अशाच खोडींवरून गुन्हेगार शोधायला लावले होते.

१९९१ मध्ये एरिक व्हान ब्लोकलँड या डच टंकरचनाकाराने खऱ्या यंत्राच्या अक्षरांवरून 'ट्रिक्सी' हा फॉन्ट केला. 'एक्स-फाइल्स' या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकामुळे तो अनेकांच्या डोळ्यांत बसला. काम कौशल्याचे आहे, यात शंका नाही. पण अशा साध्या फॉन्टमध्ये 'ई'वरचा डाग प्रत्येक 'ई'वर केसभरही न बदलता येतो. पद्धतशीर त्रुटी आली, यादृच्छिक मात्र नाहीशी झाली. ट्रिक्सीच्या पुढील आवृत्तीत एकेका अक्षराची अनेक रूपे आलटूनपालटून वापरण्याची युक्ती आहे. तरी ती रूपे मोजकीच.

कथेच्या मुखपृष्ठावर हे सोंग शोभून दिसते; नट दाढी लावतो तसेच ते. माझा आक्षेप आहे तो माहिती देणाऱ्या कागदावर ते वापरण्याला. झिजलेले अक्षर दिसले की 'हा जुना, खरा कागद' असे आपले मन परस्पर ठरवून टाकते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने अध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेविषयीची, १९७० च्या दशकारंभीची म्हणून काही टिपणे दाखवली. त्यांतली अक्षरे सारख्या घरांची नसून रुंदीप्रमाणे कमीअधिक जागा घेणारी आहेत, हे लोकांनी ओळखले. अर्थात तशी यंत्रे त्या काळीही होती, म्हणून तेवढ्यावरून निकाल लागत नाही. पण वाद पेटला आणि टिपणे अस्सल असल्याचे आपण सिद्ध करू शकत नाही, असे वाहिनीला कबूल करावे लागले. अक्षराचे रूप हा पुराव्याचा एक धागा आहे, अख्खा पुरावा नव्हे. आणि आता हे रूप तर कोणालाही मिळू शकते.

प्रदर्शनाच्या तक्त्यावरची हौस तर मला मुळीच पटत नाही. तुटका ८ हा ३ दिसतो. डागांच्या गर्दीत दशांशचिन्ह कोणते आणि शिंतोडा कोणता, हे कळत नाही. ३.८ आणि ३८ यांत दहापटीचा फरक आहे. निरीक्षणांच्या कोष्टकासाठी सम-रुंदीचा टंक जरूर घ्या, कारण एककाखाली एकक आपोआप येते. पण तो स्वच्छ घ्या.

शिक्षकांना एक सुचवतो. घरातले एखादे जुने टंकलिखित पत्र आणि अशा फॉन्टमध्ये छापलेला कागद मुलांपुढे ठेवावा. एकच अक्षर वीस ठिकाणी भिंगातून पाहून त्याची चित्रे वहीत काढायला सांगावीत. विसांतही दिसते ते ठशाचे. बदलते ते रिबनचे, बोटाचे, कागदाचे. मग पत्रावर विजेरीचा उजेड अगदी तिरका टाकावा. जोराने आपटलेल्या ठशाने कागदात पाडलेला खळगा सावलीमुळे दिसू लागतो. पूर्णविरामापाशी तो आधी शोधा. तिथे कधी कधी कागदाला आरपार भोकच पडलेले सापडते.